जीवा

सूरच्या बाहेर, वादीच्या कोरड्या पात्रात
शुक्रवारी सकाळी सहाला
शमसाचे आजोबा चटईवर पालथे होतात
आणि बंदुकीच्या दस्त्याला गाल लावतात,
बंद दाराला कान लावावा तसा.

दोनशे मीटरवर पत्र्याचा तुकडा,
त्यावर चुन्याचं टिंब.
मला ते दिसतही नाही.
मी गणिताची बाई, गुहागरची, चष्मा साडेचारचा.
शमसा माझ्याकडे शिकवणीला येते.
सोमवारी तिनं पेन आपटून विचारलं होतं,
साइन शिकून आजवर कुणाचं भलं झालंय?
म्हणून मी इथे,
डब्यात घावन घेऊन.

वहीत दोघींनी मांडलंय:
सुटताना वेग सेकंदाला सातशे चाळीस मीटर,
त्यातला थोडा हवा खाते,
टिंबापर्यंत लागतात सेकंदाचे तीन दशांश.
तेवढ्यात पृथ्वी गोळीला
चव्वेचाळीस सेंटिमीटर खाली ओढते.
जुन्या मापात एक हात.
हातातून नुसती निसटलेली गोळीही
तेवढ्या वेळात तेवढीच पडते.
शमसाला हे पटत नाही.
वीस वर्षं शिकवून
मलाही एखाद्या दिवशी पटत नाही.

वारा उजवीकडून, समुद्रावरचा, सेकंदाला तीन मीटर.
उत्तर: नऊ सेंटिमीटर बाजूला.
खमीस बिन रशीद वही बघत नाहीत.
दाढीत वारा शिरू देतात,
जमिनीलगत थरथरणारी हवा बघतात,
आणि चटईवर चार बोटं जोडून टेकवतात.
शमसा पट्टी काढून आजोबांची बोटं मोजते.
आठ पूर्णांक आठ.
त्या दोन मिलिमीटरांवरून ती भांडायला तयार.

"आज तुझ्या वहीवर मारतो," ते म्हणतात,
"नेम कुठल्या बाजूला धरू?"
"डावीकडे."

आवाज डोंगराला लागून परत येतो.
बंदूक मोकळी करून ते हात वर करतात,
मग शमसा पळते.
भोक टिंबाच्या डावीकडे,
आठ बोटांवर.

चिन्ह चुकलं, बाई.
चिन्ह चुकलं की चूक दुप्पट:
चार बोटं वाऱ्याची, चार आपली.
"वारा बिचारा खरंच बोलत होता," आजोबा म्हणतात
आणि दिशदाशाच्या खिशातून
खजुराच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा काढतात,
बोटभर पेन्सिल काढतात.

खिशाला काय म्हणतात, शमसा?
जैब.
आणि साइनला, तुझ्या पुस्तकात?
ती थांबते. जैब.
तिला वाटायचं, छापताना चुकलंय.

मग मी वाळूत कंस काढते, त्याची टोकं जोडते.
हे धनुष्य, ही दोरी.
आमच्याकडे दोरीला ज्या म्हणत, जीवा म्हणत.
कधीतरी हा शब्द हाच समुद्र ओलांडून आला,
तुमच्या लिपीत त्याचे स्वर गळाले,
आणि कुणीतरी उरलेल्या अक्षरांत वाचला
खिसा.

(गुहागरला नववीच्या वर्गात
जिवा नावाचा एक मुलगा होता.
मी फळ्यावर वर्तुळाची जीवा काढली
की सगळा वर्ग मागे वळून त्याच्याकडे बघायचा.
तो पट्टीनं बाक खरवडत राहायचा.
हे मी शमसाला सांगत नाही.)

आजोबा वाळूतल्या दोरीकडे बराच वेळ बघतात.
"म्हणजे दोरी तुमची, खिसा माझा.
आणि चूक हिची."

पुठ्ठ्यावर ते तारीख लिहितात,
वारा लिहितात, आठ लिहितात,
आमची दोघींची नावं लिहितात.

दुसरी गोळी लगेच मारत नाहीत.
आधी घावन खातात, गुळाबरोबर,
आणि विचारतात, हे कुठल्या पिठाचं?
तोवर वारा पडलेला असतो.
शमसा नवं पान काढून
सगळं पहिल्यापासून मांडायला बसते,
वारा शून्य धरून.

त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब.
मला आधी वाटलं,
पेन्सिल चुकून टेकली.